ह्याला ओळखा

मी आणि चंप्या पाठोपाठच त्या घरात आलो, आणि खरं सांगायचं तर स्वागत चंप्याचं जास्त चांगलं झालं. मी माप ओलांडलं, फोटो निघाले, पंगती उठल्या, आणि पाहुणे पांगल्यावर घरात कोण कुणाचं कोण हे माझं मला हुडकत बसावं लागलं. चंप्या म्हणजे चहाच्या रंगाचं, पोट तेवढं मोठं असलेलं एक पिल्लू. त्याला मात्र माझ्या चुलतसासऱ्यांनी, बाळकाकांनी, दोन्ही हातांवर घेऊन घरातल्या एकेका माणसाचं नाव सांगितलं. मी दाराआडून ऐकत होते. माझ्या सासरची माणसं मला त्या दिवशी नीट कळली. निदान तेव्हा मला तसं वाटलं.

बाळकाका सत्तरीकडे झुकले होते, पण भावंडांत धाकटे म्हणून गावाला ते बाळच राहिले. लग्न केलं नाही. खाकी अर्धी चड्डी, बनियन आणि खांद्यावर टॉवेल, एवढ्यात त्यांचं बारा महिन्यांचं भागे. भुईगावातली आमची वाडी, म्हणजे केळी, पानवेली आणि सोनचाफ्याची झाडं, ते एकटे बघत. माणसांशी त्यांचं बोलणं बेतास बात. सासूबाईंशी ते घरच्या बोलीत बोलत, माझ्याशी मात्र पुस्तकातली मराठी जपून वापरत, आणि मी मनवेलपाड्याच्या बिल्डिंगमधून आलेली म्हणून सुरुवातीला जरा मोठ्याने बोलत. बिल्डिंगमधल्या माणसांना कमी ऐकू येतं असा त्यांचा समज असावा.

पिल्लू आणायला ते स्वतः जात. अंगावर धावून येणारं घेत नसत, आणि आईच्या मागे लपणारंही घेत नसत. सोबत गोणपाटाचा तुकडा नेत आणि तो आधी त्या कुत्रीच्या अंगावरून फिरवून आणत. पिल्लाने त्यावरच झोपायचं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "आईचा वास बरोबर आणला नाही तर ते चोरून आणल्यासारखं होतं." मी तिथून उठले, बॅगेतून माझ्या आईची जुनी साडी काढली आणि उशीवर पसरली. हे त्यांना मी कधी सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ते माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागले.

पिल्लाला उचलून घरात आणलेलं त्यांना चालत नसे. आमचा उंबरा जुन्या पद्धतीचा, उंच. पिल्लाने तो आपला आपण चढायचा. ते पुढचे पाय वर टाकायचं, घसरायचं, पुन्हा टाकायचं, आणि आम्ही सगळे चहा निववत उभे. हात लावायला कुणी पुढे झालं की काका नुसते बघत, आणि तो हात मागे येई. आत आल्यावर पहिला घास घरातल्या सगळ्यांत भित्र्या माणसाने द्यायचा. त्या खेपेला ते माणूस कोण, यावर चर्चा झालीच नाही. मी डोळे मिटून दूधभात पुढे केला आणि चंप्याने माझं बोटही त्यात धरलं.

मग यायची ती ओळख. काका म्हणत, "कुत्र्याला घर दाखवायचं नसतं. घराला कुत्रं दाखवायचं असतं." आधी पुढच्या ओटीवर उभं राहून ते जित्या माणसांची नावं घेत. समोर असलेली आणि नसलेलीही. वहिनी म्हणजे माझ्या सासूबाई, माझा नवरा समीर, पुण्याची ताई, नालासोपाऱ्याची माई, भाई, आणि आता मी. प्रत्येक नावानंतर पिल्लू जरा पुढे धरायचं आणि म्हणायचं, "हा आला. ह्याला ओळखा." मग घरातून चालत मागच्या दाराने वाडीत, केळींच्या पलीकडच्या बावखलावर. वसईत वाडीच्या पाण्यासाठी खणलेलं तळं असतं, त्याला बावखल म्हणतात. त्याच्या काठाशी उभं राहून ते गेलेल्यांची नावं घेत: त्यांचे आईवडील, माझे सासरे, आधीची कुत्री, आणि एक म्हैस. तिथेही तेच, हा आला, ह्याला ओळखा. पाणी हिरवं, वर जांभळीची सावली, आणि नाव घेतल्यावर काका थोडं थांबत, पलीकडून कुणी हो म्हणेपर्यंत थांबावं तसं. मला तिथे दिवसाउजेडीही एकटीला जावंसं वाटत नसे. शेजारची रोझीमावशी कुंपणावरून बघायची आणि विचारायची, "काय रे बाळा, बाप्तिस्मा देतोस काय कुत्र्याला?" काका म्हणत, "तुझ्या फादरपेक्षा स्वस्तात."

या ओळखीनेच माझी फजिती केली. पुढच्या ओटीवर ज्यांची नावं घेतली त्यांतली ताई लग्नाला आली होती, माई आली होती, फक्त भाई दिसले नव्हते. समीरचा एक मोठा भाऊ 'बाहेर' असतो एवढं मी ऐकलं होतं. आमच्या बिल्डिंगमध्ये बाहेर म्हणजे आखात. मी मनाशी त्यांना मस्कतला नोकरी देऊन टाकली. गणपती जवळ आले तसं मी स्वयंपाकघरात सासूबाईंना म्हटलं, "आई, भाई गणपतीला येणार असतील ना? त्यांची चादर काढून ठेवू का?"

सासूबाई नारळ खोवत होत्या. हात थांबला. माझ्याकडे त्यांनी इतका वेळ बघितलं की काहीतरी भलतंच बोलून गेले हे मला कळलं, पण काय ते कळेना. मग त्या म्हणाल्या, "काढून ठेव." आणि पुन्हा खोवायला लागल्या. त्या दिवसापासून त्यांचा माझ्यावर जीव बसला.

संध्याकाळी समीरने सांगितलं. भाई त्याच्यापेक्षा बरेच मोठे. कॉलेज संपवून वाडी बघायला लागलेले, कमी बोलणारे, काकांच्या तालमीतले. श्रावणातल्या एका संध्याकाळी राजा नावाच्या कुत्र्याला घेऊन ते सुरूच्या बागेतून किनाऱ्यावर गेले. राजा एकटा परत आला, पोटापर्यंत भिजलेला. समुद्र खवळलेला होता. गावाने किनारा पालथा घातला, काही मिळालं नाही. कुणी म्हणालं बुडाले, कुणी म्हणालं स्टेशनवर तसाच एक मुलगा दिसला होता. भाईंच्या चपलाही सापडल्या नाहीत. आणि घर रडायला बसणार इतक्यात काका सासूबाईंसमोर येऊन म्हणाले, "वहिनी, राजा रडला नाही. धनी गेला असता तर कुत्रं रडलं असतं."

कुत्र्याच्या बाबतीत बाळकाकांचा शब्द म्हणजे शेवटचा. रोझीमावशीचा सासरा मुंबईच्या इस्पितळात वारला, तेव्हा फोन यायच्या आधी काकांनी तिच्या कुत्र्याचं तोंड बघून तिला बसायला सांगितलं होतं. असा माणूस म्हणतो की राजा रडला नाही. सासूबाईंनी डोळे पुसले आणि भात टाकला. माझ्या सासऱ्यांना ते पटलं नव्हतं म्हणतात, पण ते कधी बोलले नाहीत, आणि गेले. भाईंचं नाव पुढच्या ओटीवर राहिलं. नवं पिल्लू आलं की सासूबाई स्वयंपाकघरातलं काम बंद करून ऐकत उभ्या राहत. काका नाव कुठल्या दारी घेतात त्यावर या बाईचं पुढचं सगळं जगणं टांगलेलं असे, आणि दरवेळी, माईच्या नंतर आणि माझ्या आधी, ते ओटीवरच येई. मग भांड्यांचा आवाज पुन्हा सुरू होई.

मीही चादरीची सवय सोडली नाही. गणपती आले की ती धुवायची, उन्हात टाकायची, घडी करून पलंगावर ठेवायची. ओटीवरच्या खुंटीला भाईंचा रेनकोट होता, तो कुणी हलवत नसे. त्याची बटणं काळी पडली होती. कधी दुपारी चंप्या त्या खुंटीखाली बसून रस्त्याकडे एकटक बघत राहायचा. कुत्री कुठेही बघतात हे मला कळत होतं, तरी मी हातातलं काम टाकून त्या रस्त्याकडे बघून यायची.

काकांना एक गोष्ट मात्र सहन होत नसे. नवं पिल्लू पहिले काही दिवस दिवेलागणीला रडतंच. त्याची आई त्याला तेव्हाच आठवते. आमच्या घरात ते रडायला लागलं की काका हातातला घास टाकून उठत, त्याला टॉवेलात गुंडाळत आणि वाडीच्या पार शेवटी, समुद्राच्या अंगाला असलेल्या पंपाच्या खोलीत घेऊन जात. ते गप्प होईपर्यंत तिथेच बसत. "रडणं घरात नको," म्हणत. "वहिनीला त्रास होतो." एरवी पिल्लाला उंबऱ्याशी तासन् तास झटू देणारा हा माणूस त्याच्या रडण्याला इतका का घाबरतो, ते मला कळत नसे. त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी चाव्याचा जुना पांढरा वण होता. कुणी विचारलं तर म्हणत, "जन्मात एकदाच कुत्रं चावलं. तेही माझ्याच चुकीने."

चंप्यानंतर बिट्टी आली, बिट्टीनंतर एक काळा आला. गावात बंगले झाले, दोन वाड्या सोडून एकाने बावखल बुजवून शेड घातली. काका ती बघून आले आणि जेवले नाहीत. मला म्हणाले, "त्यांची माणसं आता कुठे ऐकणार?" मी हसले नाही. एव्हाना मीही भाजी काढायला गेले की बावखलाकडे बघून पदर सावरायची. तिथे कुणी आहे असं मी कधी म्हणाले नाही. कुणी नाही असंही मला म्हणवलं नसतं.

काळा गेला आणि त्याच पावसाळ्यात काकाही अंथरुणाला खिळले. मी त्यांना पेज भरवायची. एका दुपारी सासूबाई देवळात गेल्या होत्या. काकांनी दाराकडे बघून विचारलं, "वहिनी नाही ना घरात?" मी नाही म्हटलं. मग ते घरच्या बोलीत बोलायला लागले, माझ्याशी पहिल्यांदा. मला सगळे शब्द कळले नाहीत, पण कळायचं ते कळलं. राजा रडला होता. वाडीच्या शेवटाशी येऊन त्याने समुद्राकडे तोंड करून गळा काढला तो थांबेचना, तेव्हा काकांनी त्याला फरफटत पंपाच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि हाताने त्याचं तोंड दाबून धरलं. अंगठ्याचा वण तिथला. ते कुत्रं आतल्या आत रडत होतं आणि काका त्याला छातीशी धरून बसले होते.

मग पुस्तकी मराठीत, अगदी स्पष्ट, मला म्हणाले, "पोरी, एकदा खोटं बोललो, मग दर पिल्लाला बोलावं लागलं. गेलेली माणसं तिकडे बावखलात भाईला रोज बघत असतील, आणि मी इकडे ओटीवर त्याचं नाव घेतो." पेजेची वाटी बाजूला सारून म्हणाले, "पुढचं पिल्लू तू आण. भाईचं नाव कुठे घ्यायचं ते तू ठरव. माझ्याच्याने नाही झालं."

ते गेले तेव्हा घरात रडायला कुत्रंसुद्धा नव्हतं. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. त्यांचा टॉवेल मी धुवून मागच्या दाराच्या खिळ्याला अडकवला.

पुढचं वर्षभर घर कुत्र्यावाचून राहिलं. सासूबाई दुपारच्या जेवणातली भाताची शेवटची मूद बाजूला काढत आणि मग आठवून पुन्हा भांड्यात टाकत. नवं पिल्लू आणू या असं त्या म्हणत नव्हत्या आणि मीही म्हणत नव्हते. त्यांचं कारण मला ठाऊक नव्हतं. माझं कारण काकांनी माझ्या ओंजळीत टाकलेलं होतं. भाईंचं नाव मागे घेतलं तर या बाईचं काय होईल, आणि पुढे घेतलं तर मी आता जाणूनबुजून खोटं बोलेन. समीरला सांगावं असं कितीदा मनात आलं. पण ज्याने इतकी वर्षं भाऊ जिवंत धरला त्याला तरी कुठल्या तोंडाने सांगायचं?

शेवटी पिल्लू आलं ते माझ्या माहेराहून. मनवेलपाड्याला आईच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली एक कुत्री व्यायली होती. मी आईला भेटायला गेले आणि एक पांढरं पिल्लू धावून आलं नाही, लपलंही नाही, बसल्या जागेवरून माझ्याकडे बघत राहिलं. माझ्याजवळ गोणपाट नव्हतं. मी आईचा एक जुना गाऊन मागून घेतला आणि त्या कुत्रीच्या अंगावरून फिरवला. आई म्हणाली, "वेड लागलंय का तुला?" मी हो म्हटलं आणि पिल्लू आंब्याच्या खोक्यात घालून रिक्षाने भुईगावला आले.

उंबऱ्याशी ते बराच वेळ झटलं. कुणी हात लावला नाही. सासूबाई आतून बघून म्हणाल्या, "तुझ्या माहेरचं दिसतंय. चिवट आहे." पहिला घास कुणी द्यायचा हा प्रश्न आला तेव्हा त्यांनी वाटी माझ्या हातून घेतली आणि स्वतः दिला. या घरात सगळ्यांत भित्रं माणूस आपण आहोत असं त्या सांगताहेत, हे माझ्या लक्षात आलं, पण मी त्याचा अर्थ लावत बसले नाही. मला पुढचं दिसत होतं.

ओटीवर उभी राहिले. आई, समीर, पुण्याची ताई, नालासोपाऱ्याची माई. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. भाई, मी म्हटलं, हा आला, ह्याला ओळखा. पिल्लू खुंटीवरच्या रेनकोटाकडे बघत होतं. नळ पुन्हा सुरू झाला नाही. मी तशीच मागच्या दाराने बावखलावर गेले आणि तिथली नावं घेतली. सासरे, आजेसासू, आजेसासरे, राजा, चंप्या, बिट्टी, काळा, म्हैस. शेवटी बाळकाका. त्यांचं नाव तिथे घेताना मला रडू फुटलं. आणखी एक नाव जिभेवर होतं, ते मी गिळलं. काकांच्याने झालं नव्हतं, माझ्याच्यानेही झालं नाही.

दिवेलागणीला पिल्लू रडायला लागलं. मी हातातलं टाकून उठले, खिळ्यावरचा काकांचा टॉवेल घेतला, त्यात त्याला गुंडाळलं आणि मागच्या दाराकडे निघाले. सासूबाई देवापाशी वात लावत होत्या. मागे न बघता त्यांनी विचारलं, "कुठे नेतेस त्याला?"

"पंपाच्या खोलीत. काका न्यायचे ना. तिथून इथे ऐकू येत नाही."

"भाऊजींना तसं वाटायचं," त्या म्हणाल्या. "वारा समुद्रावरून आला की तिथलं सगळं ऐकू येतं गो."

मी उंबऱ्यातून परत फिरले. वात लावून झाल्यावर त्यांनी पिल्लू माझ्याकडून घेतलं आणि मांडीवर ठेवलं. सांगायला लागल्या ते त्याच्याच पाठीवरून हात फिरवत. त्या रात्री श्रावणातला वारा होता. राजाचा आवाज त्यांनी ऐकला होता, तो मध्येच दाबल्यासारखा झाला तोही ऐकला होता. मग भाऊजी आले, हाताला फडकं बांधलेलं, आणि म्हणाले राजा रडला नाही. "आयुष्यात खोटं बोलले नव्हते ते. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. मी कशी म्हणू, भाऊजी, मी ऐकलं? मी म्हटलं, बरं."

"आणि मग इतकी वर्षं?"

"ते माझ्यासाठी त्याचं नाव ओटीवर घेत होते. मी थांबून ऐकलं नसतं तर त्यांना काय वाटलं असतं?"

पिल्लू गळा काढून रडत होतं. मी सवयीने पुन्हा हात पुढे केला, तर त्यांनी तो बाजूला सारला. "रडू दे त्याला," त्या म्हणाल्या. "इथेच रडू दे. घरात."

त्या घरात इतक्या वर्षांनी कुणी मोठ्याने रडत होतं, आणि थोड्या वेळाने ते एकटं पिल्लूच नव्हतं. समीर कामावरून आला तो बाहेर ओटीवरच बसून राहिला. त्याला मला काही सांगावं लागलं नाही.

सकाळी सासूबाईंनी स्वतः पिल्लू उचललं आणि मागच्या दाराने निघाल्या. भाई गेल्यापासून त्या बावखलावर कधी गेल्या नव्हत्या. केळीचं पान धरत धरत त्या काठाशी पोचल्या, मी मागे होते. त्यांनी पिल्लू खाली सोडलं. ते सरळ पाण्यापाशी गेलं आणि लपालपा पाणी प्यायला लागलं. सासूबाई पाण्याकडे बघत, काकांच्याच बोलीत, काकांच्याच आवाजाच्या उंचीवर म्हणाल्या,

"बाळभाऊजी, भाई आला तिकडे. ओळखा त्याला."

आणि काका थांबायचे तेवढ्या त्या थांबल्या.